तलावाकाठची प्रयोगशाळा

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजण्याची विंकलर पद्धत विज्ञान शाखेच्या पदवी अभ्यासक्रमात शिकवली जाते. पाण्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कधर्मी आयोडाइड घातले की तपकिरी साका तयार होतो. आम्ल घातल्यावर आयोडीन मोकळे होते. स्टार्चमुळे आलेला निळा रंग नाहीसा होईपर्यंत थायोसल्फेट किती लागले, यावरून ऑक्सिजन कळतो. पण नमुना अनेकदा नळाच्या पाण्याचा असतो आणि उत्तर आधीच ठाऊक असते. आकडा चुकला, तर शेजारच्या वहीतून जुळवून घेता येतो.

हाच प्रयोग तलावाच्या काठावर नेला, तर जुळवून घ्यायला वहीच नसते. तलावांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोंदियात अशा काठांची वाण नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव इथे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, म्हणून ओळखले जातात. त्यांवर धानशेती आणि ढिवर समाजाची मासेमारी अवलंबून आहे. अनेक तलावांत ‘बेशरम’ ही परदेशी वनस्पती माजली आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात महिलांनी ती काढून देशी पाणवनस्पती लावल्या.

त्याने पाण्यात काय बदलले? हा प्रश्न पदवीच्या विद्यार्थ्यांना पेलणारा आहे. साफ केलेला एक आणि न केलेला एक, असे दोन तलाव निवडायचे. वनस्पती दिवसा ऑक्सिजन सोडतात आणि रात्री वापरतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. त्यामुळे पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा मोजायचे. बाटलीत हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही. पहिली दोन रसायने काठावरच घालायची, कारण बाटली महाविद्यालयात पोहोचेपर्यंत आतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन वापरत राहतात. वर्षभर दरमहा नोंदी ठेवल्या, की ऋतूंचा फरकही दिसतो.

मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने २००४पासून पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी देणारा राष्ट्रीय उपक्रम चालवला. पण राज्याच्या दुसऱ्या टोकावरून तिथे पोहोचणारे मोजकेच. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची संशोधनासह पदवी आहे. मात्र त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण हवेत. म्हणजे ज्याला पाठांतर जमले नाही, त्याला प्रश्न विचारण्याची संधी मिळण्याआधीच दार बंद. म्हणून संशोधनाची सवय पहिल्या वर्षापासून, सर्वांना लागायला हवी.

खर्च फारसा नाही. काचेच्या बाटल्या आणि रसायने प्रयोगशाळेत असतातच. लागतो तो शिक्षकांच्या वेळापत्रकात मोकळा वेळ आणि ‘बरोबर’ आकड्याऐवजी प्रामाणिक नोंदीला गुण देण्याची तयारी. दोन तलावांत काहीच फरक आढळला नाही, तरी ते उत्तरच आहे. ते गावातल्या मासेमारांनाही सांगावे. तलाव त्यांच्या पोटापाण्याचा आहे.