इस्त्रीची गाडी आणि दुकानाचे वीजबिल

गेल्या डिसेंबरात आमच्या तालुक्याच्या गावी, समाजाच्या ट्रस्टतर्फे चालणाऱ्या शाळेत विज्ञान प्रदर्शन भरले होते. विषय होता पर्यावरण. परीक्षक म्हणून तिघांना पाचारण केले होते : एक निवृत्त प्राध्यापक, गावातील एक डॉक्टर आणि मी. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला अशा कामाला का बोलावतात, हे मला पुरते उमगलेले नाही. बहुधा गुणांची बेरीज चुकू नये म्हणून.

टेबलांवर थर्मोकोलचे डोंगर होते, निळ्या रंगाच्या नद्या होत्या, मोटारीवर फिरणाऱ्या पवनचक्क्या होत्या. पहिला क्रमांक धूर शोषून घेणाऱ्या कारखान्याच्या चिमणीला मिळाला. तिच्यात लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते आणि पाहुण्यांचा घोळका तिथून हलत नव्हता. कोपऱ्यातल्या टेबलावर दहावीतील एक मुलगी एक तक्ता व रेघांची एक वही घेऊन उभी होती. तिच्याजवळ प्रतिकृती नव्हती. तिच्या वडिलांचे बाजारपेठेत कापडाचे दुकान आहे. तिने दुकान, वरचा मजला आणि गोदाम यांतील जुन्या चोकच्या ट्यूबलाइट मोजल्या होत्या : एकूण 48. चोकसह प्रत्येकी 50 वॉट. त्याऐवजी 20 वॉटची एलईडी लावली तर 30 वॉटची बचत. रोज 10 तास आणि वर्षाचे 300 दिवस धरून 4,320 युनिट. सर्व आकार मिळून युनिटला 12 रुपये धरले तर वर्षाला 51,840 रुपये. नव्या नळ्यांचा खर्च प्रत्येकी 250 रुपयांप्रमाणे 12,000. म्हणजे तीन महिन्यांच्या आत भांडवल वसूल.

ज्याने पस्तीस वर्षे कर्जप्रस्ताव वाचले, त्याने त्या वहीपुढे थांबायला हवे होते. मी तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिले आणि पुढे गेलो. त्या तक्त्यात काहीच हलत नव्हते, हेच काय ते माझ्या मनात होते.

कार्यक्रम संपल्यावर तिचे वडील भेटले. “जय जिनेंद्र, साहेब. तुम्ही बँकेतले, तिला जरा दोन शब्द समजावा. कॉमर्स घे, सीए हो, नाहीतर दुकान आहेच, असे मी म्हणतो. ही म्हणते, मला सोलरचे शिकायचे आहे. वायरमनचे काम करणार का आता आपली मुलगी?”

मी त्या दिवशी काही गुळमुळीत बोललो. हा लेख म्हणजे तेव्हा न दिलेले उत्तर समजावे.

विद्यार्थ्यांच्या पर्यावरणीय संशोधनाची चर्चा निघाली की मला तमिळनाडूतील तिरुवण्णामलै येथील विनिशा उमाशंकर आठवते. शाळेतून घरी येताना रस्त्यावरचा इस्त्रीवाला विझलेले कोळसे टाकून देतो, हे तिने पाहिले. आपल्याकडेही अनेक गावांत हे दृश्य आहे. एका गाडीवर दिवसाला सुमारे पाच किलो कोळसा जळतो, असे सांगितले जाते. या मुलीने छपरावर सौर पटले असलेली, सायकलसारखी चालवता येणारी इस्त्रीची गाडी आखली. ऊन नसेल तेव्हा आधी भारलेल्या बॅटरीवर किंवा थेट विजेवर इस्त्री चालावी, अशी योजना तिच्यात होती. गांधीनगरच्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने तिला 2019 साली डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाचा ‘इग्नाइट’ पुरस्कार दिला आणि गाडीच्या नमुन्याला हातभार लावला. 2020 मध्ये स्वीडनचा बालकांसाठीचा हवामान पुरस्कार तिला मिळाला. पुढच्या वर्षी ‘अर्थशॉट’ पारितोषिकाच्या अंतिम फेरीत ती पोहोचली आणि ग्लासगो येथील जागतिक हवामान परिषदेत जगभरच्या नेत्यांसमोर बोलली. ‘अर्थशॉट’च्या त्याच, शुद्ध हवेच्या विभागात विजेता ठरलेला ‘टकाचार’ हा उपक्रमही भारतीयच होता. शेतातील पालापाचोळा जाळून न टाकता जागेवरच इंधन व खत बनवणारे, उचलून नेता येईल असे यंत्र, हे त्याचे स्वरूप.

आपल्या वाचकांनी ही गोष्ट एका वेगळ्या नजरेने पाहावी. श्रावकाच्या भोगोपभोग-परिमाण व्रताच्या विवेचनात पंधरा कर्मादानांची यादी येते. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रातही तिचा परामर्श घेतलेला आहे. त्यातील पहिलेच अंगारकर्म : कोळसा पाडणे, भट्ट्या लावणे आणि त्यावर उपजीविका करणे. दुसरे वनकर्म. पुढे विषवाणिज्य येते, रान पेटवून देणे येते, तळी-सरोवरे आटवणे येते. आजच्या पर्यावरण खात्याच्या नियमपुस्तकाची अनुक्रमणिका वाचावी, तशी ती यादी आहे. आपल्या पूर्वजांनी व्यापार निवडताना ती डोळ्यांसमोर ठेवली. कापड, सराफी, धान्य, कागद असे व्यवसाय आपल्याकडे इतके का रुजले, याचे एक कारण या यादीत आहे असे मला वाटते. मात्र ही यादी निषेधाची आहे. कोळशाचा धंदा करू नये, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. कोळशाऐवजी काय वापरावे, ते कोणी बनवावे, कोणी विकावे आणि कोणी दुरुस्त करावे, हे शिकवण्याची व्यवस्था आपण कधी केली नाही. आपल्या मुलांना ‘हरित रोजगार’ हा शब्द परका वाटतो तो त्यामुळे.

आता बँकवाल्याच्या चष्म्यातून तीच गाडी पाहू. हा हिशेब माझा आणि ढोबळ आहे, विनिशाच्या गाडीचा नव्हे. साधी विजेची इस्त्री 750 वॉटची. थर्मोस्टॅटमुळे ती निम्मा वेळच वीज ओढते असे मानले, तरी सहा तासांच्या कामाला सव्वादोन युनिट लागतात. बारा व्होल्टच्या 100 अँपिअर-तास बॅटरीत मावतात 1.2 युनिट, आणि बॅटरी तळापर्यंत रिकामी करणे तिच्या आयुष्याला मारक असते. 300 वॉटचे पटल चांगल्या उन्हात दिवसाला सव्वा युनिटाच्या आसपास देईल. म्हणजे कल्पना शक्य कोटीतील आहे, परंतु काठावर. पावसाळ्यातल्या चार महिन्यांत काठाच्याही खाली. शिवाय काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागणार, तिचा घसारा रोजच्या कमाईतून बाजूला काढावा लागणार. ज्याचे पोट त्या गाडीवर आहे, त्याला हे आधी सांगायला नको का? बॅटरी बसली तर त्याने कोणाकडे जायचे? हप्ता महिन्याचा ठेवायचा की रोजचा?

या प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे हवी आहेत. पुरस्कारापर्यंत एक हुशार मूल पोहोचते. तेथून इस्त्रीवाल्याच्या दारापर्यंत पोहोचायला जुळणी करणारा, दुरुस्ती करणारा, हिशेब मांडणारा, कर्ज देणारा आणि सुटे भाग विकणारा असे चार-पाच जण लागतात. हरित रोजगाराचा मोठा भाग याच पट्ट्यात आहे.

शाळा यासाठी काय करतात? सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. आपल्या राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीला आज ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहे, त्यात प्रकल्पाला गुण आहेत. ते प्रकल्प कसे होतात, हे पालकांना ठाऊकच आहे. स्टेशनरीच्या दुकानात छापील मजकुराची तयार वही मिळते, मुले ती उतरवून काढतात. (ती दुकाने पुष्कळदा आपल्याच मंडळींची असतात, हे कबूल करायला हवे.) केंद्र सरकारच्या ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला प्रतिकृतीसाठी 10,000 रुपये मिळतात, अटल टिंकरिंग प्रयोगशाळेसाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळते. पैसा अगदीच नाही असे नाही. कमी पडतो तो गिऱ्हाईकाशी येणारा संबंध.

या बाबतीत पुणे जिल्ह्यातील पाबळचा विज्ञान आश्रम प्रत्येक ट्रस्टच्या विश्वस्ताने एकदा पाहून यावा. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात काम केलेले शास्त्रज्ञ. 1983 साली ते शिरूर तालुक्यातील या कोरडवाहू गावी येऊन राहिले. तेथील एक वर्षाच्या निवासी अभ्यासक्रमात शाळेत मन न रमलेली मुले कार्यशाळा, ऊर्जा व वीज, शेती व पशुपालन, गृह-आरोग्य व अन्नप्रक्रिया ही चारही कामे हाताने शिकतात. त्याच धर्तीवर आठवी ते दहावीच्या मुलांसाठी आठवड्यातून एक दिवस काम, अशी योजना अनेक ग्रामीण शाळांत गेली. मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती अशी की, मुले गावकऱ्यांची कामे वाजवी पैसे घेऊन करून देतात. फाटक वेल्ड करून दिले, विजेचे काम करून दिले, तर त्याचे बिल होते. फाटक नीट लागले नाही तर गिऱ्हाईक परत येते. परीक्षक परत येत नाही. तो चहा घेऊन घरी जातो.

व्यापारी घरात वाढलेल्या मुलाला गिऱ्हाईक म्हणजे काय, हे शिकवावे लागत नाही. आपल्या मुलांची ही जमेची बाजू आहे.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाकडे वळतो. वायरमनचे काम कमी दर्जाचे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवू. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक कोटी घरांच्या छपरांवर सौर संच बसवण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी 75,021 कोटी रुपयांची तरतूद आहे. तीन किलोवॉटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळते. हे संच बसवायचे, धुळीपासून स्वच्छ ठेवायचे, इन्व्हर्टर बिघडला तर दुरुस्त करायचा. हे काम मुंबई-पुण्याहून कोणी येऊन करणार नाही, त्या-त्या गावीच होणार. दहावीनंतर आयटीआयमध्ये सौर तंत्रज्ञाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. 2015 साली सुरू झालेला ‘सूर्यमित्र’ हा 600 तासांचा विनाशुल्क प्रशिक्षणक्रम आयटीआय किंवा पदविका झालेल्यांसाठी आखलेला होता. हरित रोजगारासाठीची कौशल्य परिषदही 2015 सालचीच.

आणि कॉमर्स घेतले तर दार बंद होते, असेही नाही. सेबीने 2022-23 पासून पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना वीज, पाणी, कचरा, वायू-उत्सर्जन यांचा तपशील वार्षिक अहवालात देणे बंधनकारक केले. या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडे तेच आकडे मागू लागल्या आहेत, आणि पुरवठादार म्हणजे आपण. 2022 च्या प्लास्टिक कचरा नियमांनुसार उत्पादक, आयातदार आणि ब्रँडमालक यांना आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिक वेष्टनाचा हिशेब द्यावा लागतो. युरोपीय संघाला पोलाद वा अ‍ॅल्युमिनियम पाठवणाऱ्यांकडे ऑक्टोबर 2023 पासून मालामागच्या कार्बनची माहिती मागितली जाते आहे, आणि जानेवारी 2026 पासून त्यावर आकारणीची व्यवस्था आहे. ही सगळी अखेर खतावणीच. जमा-नावे रुपयांऐवजी युनिटांत, किलोंत आणि टनांत. मीटर कसे वाचायचे हे ज्याला कळते असा हिशेबनीस आज तालुक्याच्या गावात सापडत नाही.

एक जुनी आठवण येथे टाळता येत नाही. 2008 च्या सुमारास मी शाखाधिकारी असताना एक तरुण साठ हजारांचे कर्ज मागायला आला होता. सौर बंब दुरुस्तीचे दुकान काढायचे म्हणत होता. तारण नव्हते, आणि आमच्या फॉर्मात या धंद्याला रकानाही नव्हता. मी अर्ज नामंजूर केला. 2015 साली रिझर्व्ह बँकेने अपारंपरिक ऊर्जेचा समावेश अग्रक्रम क्षेत्रात केला, तेव्हा परिपत्रक वाचताना मला तो मुलगा आठवला. त्याचा अर्ज नियमाला धरूनच नाकारला होता, तरी तो माझ्या खात्यावर नावे पडलेला आहे.

आमच्या ट्रस्टकडे शिष्यवृत्तीचा निधी आहे. त्यातून वैद्यकीय, अभियांत्रिकी व सीए यांनाच मदत द्यायची, असा ठराव जुना आहे. आयटीआय, पदविका आणि ऊर्जा-हिशेबाचे प्रशिक्षण त्यात घालावे, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. पुढील प्रदर्शनात प्रतिकृतीइतकेच गुण हिशेबाला द्यावेत आणि दरवर्षी एका विद्यार्थ्याने एका सभासदाच्या दुकानाची ऊर्जा-तपासणी मोबदला घेऊन करावी, अशी दुसरी सूचना आहे. चर्चा अजून झालेली नाही.

त्या मुलीच्या वडिलांनी फेब्रुवारीत दुकानातील आणि गोदामातील 30 नळ्या बदलल्या. वरचा मजला दिवाळीनंतर, असे ते म्हणतात. दहावीची परीक्षा आटोपताच ती माझ्याकडे मार्चच्या बिलाची झेरॉक्स घेऊन आली. तिच्या हिशेबाने महिन्याला 234 युनिट कमी व्हायला हवे होते. झाले 190. “काका, 44 युनिट कुठे गेले?” हा तिचा प्रश्न होता. मार्चपासून पंखे सुरू झाले, ते तिने वहीत वेगळ्या रकान्यात लिहिले आहे. गोदामातला दिवा रात्री कोण चालू ठेवतो, याचाही तपास चालू आहे. अकरावी कॉमर्स आणि तंत्रनिकेतनातील विद्युत पदविका, असे दोन्ही ठिकाणचे अर्ज ती भरणार आहे, आणि दोन्हींच्या फीचे आकडे वडिलांनी स्वतः माझ्याकडून लिहून नेले आहेत.