उन्हातली हजेरी

"तिथी कोणती?" तमाशाच्या फडाच्या मॅनेजरनं विचारलं. पैशाचं बोलणं अजून लांब होतं.

"चैत्र वद्य अष्टमी," तात्या म्हणाले.

मॅनेजरनं वही उघडलीसुद्धा नाही. "अष्टमीला आता कुठला फड राहिलाय, तात्या? पाडव्याच्या आधी यायचं होतं."

जत्रेच्या तमाशाचा बाजार तारखेवर चालत नाही, तिथीवर चालतो. निम्म्या गावांचे भैरवनाथ अष्टमीचे, मारुतीची गावं पौर्णिमेची. एकेका तिथीला पाचपन्नास गावांना एकाच रात्री तमाशा हवा असतो आणि फड मोजके. तोच फड अष्टमीला मागेल तो भाव घेतो आणि दोन दिवसांनी मोकळ्या तिथीला निम्म्यात यायला तयार होतो. लग्नाच्या हॉलवाल्यांनी हे शास्त्र तमाशाकडूनच उचललं असावं, असा माझा अंदाज आहे.

आम्ही पाचजण श्रीगोंदा तालुक्यातून शिरूर, मंचर करत नारायणगावला आलो होतो. आमच्या गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे पंचांबद्दल थोडं वाकडं लिहावं लागणार आहे, आणि यंदा जत्रा कमिटीत मीही होतो. नारायणगाव म्हणजे भाऊ-बापू मांग आणि विठाबाईंचं गाव. पाडव्याच्या सुमारास इथं फडांच्या राहुट्या लागतात. बाहेर फोटोंचा फलक, आत टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि चहाचे रिकामे कप. गावोगावचे पंच या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, एकमेकांना चुकवून भाव काढतात आणि शेवटी जिथून निघाले तिथंच परत येतात.

आम्हीही आलो. मधल्या आकाराचा एक फड निघाला. एक गाव फिसकटल्यामुळे त्यांची अष्टमी मोकळी झाली होती. एक लाख ऐंशी हजार, तीस हजार इसार. मॅनेजर लिहिता लिहिता थांबला. "रात्रीचा खेळ देतो. हजेरी धरू नका. नवमीला लांबचा पल्ला आहे."

बाकीचे चौघं तयार होतो. रात्रीचा खेळ झाला म्हणजे जत्रा झाली, असंच आम्हाला वाटत होतं. तात्यांनी मात्र टोपी काढून टेबलावर ठेवली. वय सत्त्याहत्तर. "हजेरी नाय तर सुपारी नाय. इसार परत घ्या रं पोरांनो."

मॅनेजरनं हजेरी लिहून घेतली.

हजेरी म्हणजे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होणारा खेळ. रात्रभर तमाशा झाल्यावर कलावंतांनी सकाळी देवापुढं आणि गावापुढं पुन्हा हजर व्हायचं. तिच्यानंतर कुस्त्यांचा हगामा. लहानपणी हजेरी म्हणजे मला शिळा तमाशा वाटायचा. तात्या एवढे का अडून बसले, हे कळायला मला नवमी उजाडावी लागली.

अष्टमीला दुपारी चारला फडाचे दोन ट्रक आणि एक बस आली. बसमधून आधी बायका उतरल्या, त्यांच्या मागून पाण्याचे जार आणि झोपलेली दोन पोरं. श्रीगोंद्याकडचं चैत्रातलं ऊन ज्यानं सोसलंय, त्याला चार वाजता उतरणं म्हणजे काय ते सांगायला नको. लिंबाच्या बागासुद्धा त्या वेळी पानं मिटून बसल्यासारख्या दिसतात. फडाची माणसं मात्र उतरल्या उतरल्या कामाला लागली. पहारीनं खड्डे, खड्ड्यात खांब, लोखंडी घोड्यांवर फळ्या, मागे पडदा. पडद्यामागे दोन राहुट्या, एक बायांची, एक बाप्यांची. बाजूला चूल पेटली आणि तिच्यावर भाताचं भगुलं चढलं. दीड तासात थिएटर उभं. जामखेडकडे संगीतबारीची थिएटरं बारमाही आहेत, तिथं प्रेक्षक कलावंतांच्या दारात जातो. आमच्याकडे चैत्रात थिएटरच ट्रकमधून गावात येतं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी निघून जातं.

चुलीपाशी बसलेल्या ढोलकीवाल्या अण्णांना मी विचारलं, हंगाम कसा गेला.

"दसऱ्याला नारळ फोडला. पाडव्यापत्तर तंबू, तिकिटावर. तंबूत काय राहत नाय आता, डिझेलबी सुटत नाय. जे हाय ते या दीड महिन्यात. बुद्धपौर्णिमा झाली की घरी."

"मग?"

"मग काय, पाऊस. रोजगार. मालकाकडून उचल."

उचल म्हणजे पुढच्या हंगामाच्या मजुरीतला आगाऊ पैसा. कलावंत आखाडात तो खातो आणि दसऱ्यापासून फेडतो. म्हणजे गावात येणारा तमाशा बऱ्याच अंशी आधीच खाल्लेल्या पैशावर नाचत असतो. २०२० साली पाडवा २५ मार्चला होता आणि टाळेबंदी त्याच्या आदल्या दिवशी जाहीर झाली. सगळ्या फडांचा कमाईचा काळ नेमका तोच. उचल अंगावर, सुपाऱ्या रद्द. पुढचं वर्षही तसंच गेलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात आमच्याच जिल्ह्यातल्या संगमनेरच्या कांताबाई सातारकर गेल्या. बाई असून त्यांनी रंगमंचावर शिवाजी महाराज उभे केले होते.

रात्रीचं फार लिहिण्यासारखं नाही. छबिना, म्हणजे देवाच्या पालखीची मिरवणूक, देवळात यायला साडेनऊ झाले. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम सांगतात की रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. खास परवानगी काढली तर बारापर्यंत. आम्ही बारापर्यंतची काढली होती. पूर्वी तमाशाचं घड्याळ वेगळं होतं. दहाला गण, मग गवळण, मग बतावणी, रंगबाजी, आणि मध्यरात्र कलल्यावर वग उभा राहायचा तो तांबडं फुटेपर्यंत. वग म्हणजे तमाशातलं नाटक, बाकीचं सगळं त्याच्याकडे जाणारा रस्ता. आता रस्त्यातच बारा वाजतात. गण दोन मिनिटांत उरकला. गवळणीत मावशी आली न आली तोच पुढच्या पोरांनी सिनेमातल्या गाण्यांची नावं ओरडायला सुरुवात केली. ऑक्टोपॅडवर गाणी सुरू झाली, ती बाराला भोंगा बंद होईपर्यंत. वगाचं नाव पडद्यावर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं, तेवढंच.

पोरांवर मी रागावत नाही. ज्यांनी वग कधी पाहिलाच नाही, ते तो मागणार कसे?

सकाळी साडेआठला मी मैदानावर गेलो. अण्णा ढोलकी मांडीवर घेऊन बसले होते. कडी सरकवून दोरी ढिली करायची, पुड्यावर बोट मारायचं, पुन्हा ढिली करायची, असं चाललेलं.

"रात्री लावली होती की," मी म्हणालो.

"रात्रीची रात्री. उन्हात पुडा ताणतो, सूर चढतो. बाया वर कुठवर गातील?" त्यांनी ओला टॉवेल ढोलकीवर टाकला आणि ती ट्रकच्या सावलीत सरकवली. दहा पावलांवर हलगीवाल्यानं मात्र हलगी मुद्दाम उन्हात, फळीला टेकवून उभी केली होती. रात्री तिला कागद पेटवून शेक द्यावा लागतो, सकाळी सूर्य फुकट शेकतो. एक वाद्य उन्हापासून लपवायचं आणि एक उन्हाला दाखवायचं. दोन्ही कातडीच. मी किती वर्षं जत्रा पाहतोय, हे कधी दिसलं नव्हतं.

पावणेदहाला देवाच्या दारात एक गण झाला. रात्री उरकला तो नव्हे. तुणतुणं, ढोलकी, मागून सूर धरणारे दोन झीलकरी, भोंगा नाही. मग सगळे मैदानावर आले. प्रेक्षक दीडशे असतील, बहुतेक साठीच्या पुढचे. रात्री वेगळ्या कोपऱ्यात उभ्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आता पुढच्या रांगेत पदर सावरून बसल्या होत्या. तात्या मधोमध. त्यांनी हात वर केला आणि फक्त एक शब्द म्हणाले, "वग."

वग संभाजी महाराजांचा होता. आमच्या तालुक्यात हा वग लावायला धाडस लागतं, कारण पेडगावचा बहादूरगड आमचाच. १६८९ च्या फेब्रुवारीत महाराजांना आणि कवी कलशांना कैद करून औरंगजेबापुढं आणलं ते तिथंच. इथला म्हातारा हा इतिहास पुस्तकातून शिकलेला नसतो. भीमेच्या काठी म्हशी चारताना त्यानं तो तट पाहिलेला असतो.

सोंगाड्या मोगलांचा शिपाई होऊन आला, अंगात हिरवा झगा आणि पायात प्लॅस्टिकच्या चपला. कपाळावर हात धरून लांब पाहिल्यासारखं केलं.

"बहादूरगड इथून किती कोस?"

पुढच्या रांगेतून आवाज आला, "पाच!"

"रस्ता कसाय?"

"जसा तुमच्या बादशानं ठेवला तसाच हाय!"

मैदान हसलं. सोंगाड्याही खोटं न हसता खरं हसला आणि म्हणाला, "मग बादशा पाच वर्सांनी एकदा मतं मागायला येत असंल." हे कुठल्या वहीत लिहिलेलं नव्हतं. रात्री हजारभर माणसांपुढं माइक धरून त्याला असं एक वाक्य सुचायला वाव मिळाला नव्हता.

आमच्या मैदानाची एक गंमत आहे. देऊळ पूर्वाभिमुख, मैदान त्याच्या पाठीमागे. सकाळी देवळाच्या मागच्या भिंतीची सावली मैदानावर लांब पसरते, प्रेक्षक त्या सावलीत बसतात, आणि मंच समोर, पार उन्हात. ऊन चढतं तशी सावली देवळाकडे आखडते. पब्लिक पोती, चादरी ओढत तिच्याबरोबर मागे सरकतं. अकरा वाजेपर्यंत मंच आणि माणसं यांच्यात वीसेक पावलांची तापलेली जमीन पडली होती. फळ्यांवर पाय ठरेना. बायांनी मोजे घातले आणि मोज्यांवर घुंगरू बांधले. औरंगजेबाच्या कपाळावरचा रंग दाढीत उतरत होता.

दरबाराच्या प्रवेशाआधी महाराज झालेल्या नटानं दोन्हीकडे पाहिलं. मग काही न बोलता तो मंचावरून खाली उतरला आणि चालत सावलीच्या कडेला येऊन उभा राहिला. मागून कवी कलश, दोन शिपाई, औरंगजेब. अण्णा ढोलकी गळ्यात अडकवून आले, हलगीवाला आला. माइकची वायर अर्ध्यावर संपली. माइक तिथंच जमिनीवर राहिला.

मग जे झालं त्याला मी थिएटर म्हणतो. महाराज तात्यांपासून चार हातांवर उभे होते. अंगावर दोरी, तीही ट्रकचं सामान बांधायची. औरंगजेब खुर्चीवर नव्हे, आमच्यापैकीच एकानं सरकवलेल्या उलट्या बादलीवर बसलेला. माइक नसल्यामुळे संवाद ओरडून नव्हे, बोलून येत होते. मधूनच महाराज थांबले की अण्णा ढोलकीवर एकच थाप टाकायचे, डाव्या अंगाची, खोल. पुढच्या रांगेतली एक म्हातारी औरंगजेबाला उघड उघड शिव्या देत होती आणि तो नट खाली मान घालून त्या ऐकून घेत होता, बादशहानं घ्याव्यात तशा.

तमाशा आता मेला, असं वर्तमानपत्रात दर चैत्रात वाचतो. रात्रीचा खेळ पाहिला तर ते खरंच वाटतं. पण वग मेलेला नाही. त्याला रात्रीतून हाकललं, तेव्हा तो सकाळी उन्हात जाऊन बसला. सकाळी भोंग्याची बंदी नाही, पोरं झोपलेली असतात, आणि ऐकणाऱ्यांना गोष्ट शेवटपर्यंत हवी असते. अडचण एवढीच की ही दीडशे माणसं दरवर्षी थोडी कमी होतात, आणि फडही हजेरी टाळायला बघतात. त्यात फडांचा दोष नाही. रात्री खेळ केलेल्या माणसाला बेचाळीस अंशांत उभं करायचं, दुपारी दीडला ट्रक भरायचा आणि रात्री साठ कोसांवर पुन्हा गण म्हणायचा, हे हजेरीचा वेगळा पैसा न देता आपण त्यांच्याकडून करून घेतो.

साडेबाराला वग संपला. तात्यांनी उठून महाराजांच्या हातात पाचशेची नोट दिली आणि पाया पडले. नट पंचविशीतला असेल, तो गडबडून मागे सरकला.

हिशेबाला पारावर बसलो. पंचांचं म्हणणं पडलं की रात्री खेळ बारालाच थांबला, गाणी ठरल्यापेक्षा कमी झाली, तेव्हा दहा हजार कापावेत. बाराची परवानगी आम्हीच काढलेली. छबिना आमचाच उशिरा आलेला. मॅनेजर थोडा वेळ भांडला, मग घड्याळाकडे बघून पैसे मोजून घेतले. त्याला नवमीचं गाव गाठायचं होतं. मी पारावरच बसलो होतो, आणि बोललो नाही. तात्या तेव्हा घरी जेवायला गेले होते.

ज्या गावांत अजून जत्रेला फड येतो, तिथल्या कमिट्यांना एवढंच सांगणं आहे: सुपारीच्या कागदावर हजेरीचे पैसे वेगळे लिहा आणि रात्री काहीही होवो, त्यांना हात लावू नका. मंडपाची वर्गणी काढताय तर तो रात्रीसाठी घालू नका, रात्रीला आभाळ पुरतं. तो सकाळसाठी घाला, मंचावरून देवळापर्यंत सलग. आणि जत्रेला आलेल्या पाहुण्यांनो, रात्रीची झोप नीट घ्या. हजेरी पावणेदहाला उभी राहते.