भाषाविज्ञान आणि तौलनिक साहित्य : लहान महाविद्यालयातील अध्ययन

भाषेची घडण कशी असते, याचा शोध भाषाविज्ञान घेते. दोन भाषांतील साहित्य शेजारी ठेवून वाचले असता काय उमगते, हे तौलनिक साहित्य पाहते. असे विषय मोठ्या विद्यापीठांनाच परवडतात, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेतील तीन लहान महाविद्यालयांचे उदाहरण मात्र वेगळे आहे.

पेन्सिल्वेनिया राज्यात फिलाडेल्फियाजवळ हॅव्हरफर्ड (१८३३), स्वार्थमोर (१८६४) आणि ब्रिन मॉर (१८८५) ही महाविद्यालये क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने सुरू झाली. प्रत्येकाची विद्यार्थिसंख्या दीड हजाराच्या आसपास आहे. एकट्याला न पेलणारा भाषाविज्ञानाचा विभाग ती तिघे मिळून चालवतात. तेथे इंडो-युरोपीय कुळाबाहेरील एखाद्या भाषेची रचना अभ्यासावी लागते आणि अखेरीस प्रबंध लिहावा लागतो. तौलनिक साहित्याचा अभ्यासक्रम ब्रिन मॉर व हॅव्हरफर्ड संयुक्तपणे चालवतात. त्यासाठी किमान दोन भाषांतील साहित्य मुळातून वाचता येणे आवश्यक असते.

हॅव्हरफर्ड येथील 'टिचा' प्रकल्पात तर भाषा आणि संहिता यांचा अभ्यास एकत्रच होतो. मेक्सिकोतील ओहाका प्रांतातील वसाहतकालीन सापोतेक भाषेची मृत्युपत्रे व अन्य हस्तलिखिते विद्यार्थी तेथे वाचतात आणि त्यांच्या व्याकरणाचे विश्लेषण करतात. ज्या भाषेला अनेक जण 'बोली' म्हणून बाजूला सारत, तिचा लिखित वारसा यातून समोर येतो.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. आपल्या वर्गातील अनेक मुले घरी दख्खनी आणि बाहेर मराठी बोलतात. सीमाभागात कन्नडही बोलतात. 'तुझी उर्दू मोडकी आहे' हे ती लहानपणापासून ऐकत आलेली असतात. भाषाविज्ञान याचे वेगळे उत्तर देते. सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथील मराठी, कन्नड व उर्दू यांवरील गम्पर्झ आणि विल्सन यांचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध झाला. शतकानुशतकांच्या सहवासाने या भाषांची वाक्यरचना इतकी जुळून आली होती की, बहुतेक वाक्यांचे शब्दास शब्द ठेवून भाषांतर करता येई. प्रमाण उर्दूत नसलेला 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद दख्खनीत 'हम' व 'अपन' असा आढळतो. 'ऐसाइच' मधला 'च' मराठीचाच आहे. हा अशुद्धपणा नसून शेजाराचा नियमबद्ध इतिहास आहे.

साहित्याकडेही याच नजरेने पाहता येईल. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दख्खनी 'किताबे नवरस'मध्ये सरस्वती आणि ख्वाजा बंदेनवाज या दोघांनाही वंदन आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. एका परंपरेचे शब्द दुसरीत आल्यावर त्यांचा अर्थ कसा बदलतो, हा प्रश्न घेऊन दोन्हींतील निवडक भाग वर्गात वाचता येईल.

यासाठी स्वतंत्र विभाग उघडण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांतील उर्दू, मराठी व कन्नडच्या अध्यापकांनी मिळून एक सत्र आखावे. पहिला स्वाध्याय सोपा असावा : विद्यार्थ्याने आजीची दहा वाक्ये जशीच्या तशी लिहून आणावीत आणि त्यांतील नियम शोधावेत. आपल्या घरच्या बोलण्याला व्याकरण आहे, हे त्याला तेथेच प्रथम कळेल.