ब्रॅडमन यांचं पत्र घेताना

जुन्या खेळाडूंची सहीची पत्रं जमवायची असतील तर सुरुवात क्रिकेटपटू डॉन ब्रॅडमनपासून करा, असं मी आवर्जून सांगेन. २००१ मध्ये वयाच्या ९२व्या वर्षी ते गेले, पण निवृत्तीनंतर कित्येक दशकं ते चाहत्यांच्या पत्रांना ॲडलेडच्या घरून उत्तरं देत राहिले. बरीचशी स्वतः टाइप केलेली, खाली पेनाची सही. कसोटीत ९९.९४ सरासरीचा माणूस अनोळखी मुलालाही वेळ काढून उत्तर पाठवतो, याचं मला अजून अप्रूप वाटतं! त्यामुळे त्यांची पत्रं बाजारात मिळतात, तशीच बनावटही मिळतात.

म्हणून सहीआधी कागद वाचा. लेटरहेडवर ‘सर’ आहे आणि तारीख १९४९ आधीची? सोडून द्या, तो किताब त्यांना १९४९ मध्ये मिळाला. पत्त्यात चार आकडी पोस्टकोड आहे? ऑस्ट्रेलियात तो १९६७ मध्ये आला. त्यांच्या शेअर दलालीच्या पेढीचा कागद असेल तर काळ साधारण १९४५ ते १९५४.

मग भिंग घ्या. खऱ्या शाईत रेघा एकमेकींवरून जातात तिथे रंग गडद होतो, वळणावर दाब बदलतो. छापील सही सपाट दिसते, कधी बारीक ठिपकेही दिसतात.

पाकीट मात्र टाकू नका, पोस्टाचा शिक्का हा मोठा पुरावा. आणि कृपा करून लॅमिनेशन नको, सेलोटेपही नको. आम्लरहित फोल्डरमध्ये, उन्हापासून लांब ठेवा.