काट्यावरचा किलो आणि अंगातली चरबी

भात-पोळी कमी करून रोज चालायला लागले की पहिल्या आठवड्यात वजन भरभर उतरते, मग काटा अडतो आणि ‘आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून बूट कोपऱ्यात जातात. दोष इच्छाशक्तीचा नसतो. सुरुवातीला घटते ते मुख्यतः ग्लायकोजेन (यकृत व स्नायूंतला साखरेचा साठा) आणि त्याने ग्रॅममागे धरून ठेवलेले सुमारे ३ ग्रॅम पाणी. मूठभर मटकी रात्री भिजवली की सकाळी जड भरते, पण कडधान्य तेवढेच असते. लग्नाच्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी वाढलेला किलोही बराचसा तसाच. अंगावरच्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी (ऊर्जेचे माप) साठलेल्या असतात आणि अर्धा तास झपझप चालण्यात साधारण १५० खर्च होतात. म्हणजे नुसत्या चालण्याने तो किलो उतरायला सुमारे ५० दिवस लागतील; म्हणून ताटाकडेही बघावे लागते. मग काटा हवाच कशाला, असे कोणी विचारेल. तो हवा, पण सकाळी उपाशीपोटी घेतलेल्या वजनांची आठवड्याची सरासरी पाहावी. महिनाभर तीही हलली नाही, तर मात्र खाण्याचा हिशेब नीट तपासावा: चहातली साखर, फोडणीचे तेल, चालून आल्यावरचा वडापाव.