वीजबचत, घरगुती
वीजबचत, घरगुती : घरातील प्रकाश, वारा, गारवा, पाणी व अन्न यांच्या सोयी कमी न करता त्यांसाठी लागणारी विद्युत् ऊर्जा कमी करणे, यास घरगुती वीजबचत म्हणतात. दिवा विझवून अंधारात बसणे ही काटकसर होय. तितकाच प्रकाश कमी विजेत मिळविणे ही कार्यक्षमता होय. बचतीत दोहोंचा समावेश होतो. तथापि टिकाऊ बचत मुख्यतः कार्यक्षमतेतून साधते. विजेचे मोजमाप किलोवॉट-तासांत करतात व त्यासच व्यवहारात ‘युनिट’ म्हणतात. १,००० वॉटचे उपकरण एक तास चालल्यास एक युनिट वीज खर्च होते.

औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेचा सु. एक-तृतीयांश भागच विजेत रूपांतरित होतो व त्यातीलही काही वीज वाहिन्यांत व रोहित्रांत नष्ट होते. त्यामुळे घरात वाचलेले एक युनिट हे केंद्रात निर्माण कराव्या लागणाऱ्या एका युनिटाहून अधिक मोलाचे असते. जलविद्युतही विनामूल्य नसते. रायगड जिल्ह्यातील भिरा येथील टाटा कंपनीचे जलविद्युत् केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. त्यास पाणी पुरविणाऱ्या मुळशी धरणासाठी मावळातील शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि त्याविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह (१९२१–२४) झाला. या केंद्रातून सुटणारे पाणी कुंडलिका नदीतून रोह्यावरून वाहत जाऊन रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते.

रेवदंडा (ता. अलिबाग) व आसपासचा अष्टागराचा पट्टा हे सागरी हवामानातील घरगुती वीजवापराचे चांगले उदाहरण आहे. येथे थंडी सौम्य असते. मात्र हवेत वर्षभर आर्द्रता असल्यामुळे घाम लवकर वाळत नाही. साहजिकच पाणी तापविण्यापेक्षा वारा व गारवा यांवर वीज अधिक खर्च होते. बाष्पीभवनावर चालणारे कूलर अशा दमट हवेत फारसे उपयोगी पडत नाहीत.

घराची रचना : उतरते कौलारू छप्पर, माळा, पडवी व भोवतालच्या नारळी-पोफळींची सावली यांमुळे जुनी घरे तुलनेने थंड राहत. सिमेंटच्या सपाट स्लॅबमध्ये दिवसभर उष्णता साठते व रात्री ती खोलीत उतरते. स्लॅबवर चुन्याचा किंवा परावर्तक पांढरा थर देणे, पश्चिमेच्या भिंतीस सावली करणे आणि समोरासमोर खिडक्या ठेवणे हे अल्पखर्चाचे उपाय होत. उपकरण बदलण्याआधी ते करावेत.

पंखे व दिवे : जुना छतपंखा सु. ७५ वॉट, तर ब्रशविरहित चुंबकीय मोटारीचा (बीएलडीसी) पंखा सु. ३० वॉट वीज घेतो. रोज १५ तास चालल्यास पहिल्यास महिन्याला ३३·७५ व दुसऱ्यास १३·५ युनिटे लागतात, म्हणजे सु. २० युनिटे वाचतात. उदाहरणादाखल युनिटास ८ रु. दर व दोन्ही पंख्यांच्या किंमतींत १,५०० रु. फरक धरल्यास हा जादा खर्च सु. ९ ते १० महिन्यांच्या वापरात भरून निघतो. जुना रोधी रेग्युलेटर पंखा मंद करताना बरीचशी वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवितो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरात हा अपव्यय फार कमी असतो. रोज पाच तास लागणारा ६० वॉटचा तारेचा दिवा महिन्यास ९ युनिटे घेतो; तेवढाच उजेड देणारा ९ वॉटचा एलईडी दिवा १·३५ युनिटे घेतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. विजेचे खांब कोसळून किनाऱ्यावरील अनेक गावांचा पुरवठा दीर्घकाळ खंडित झाला. अशा प्रसंगी कार्यक्षमतेचा वेगळा लाभ दिसतो. बॅटरीतून १ युनिट वीज उपलब्ध असेल, तर तीवर ७५ वॉटचे दोन पंखे सु. साडेसहा तास, पण ३० वॉटचे दोन पंखे सु. साडेसोळा तास चालू शकतात.

प्रशीतक व वातानुकूलक : प्रशीतक म्हणजे फ्रिज अहोरात्र जोडलेला असतो. त्याच्या मागे हवा खेळती ठेवणे व दाराची रबरी पट्टी घट्ट असणे आवश्यक असते. दमट हवेत वातानुकूलकाची बरीच वीज हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. म्हणून दारे-खिडक्यांच्या फटी बुजवाव्यात, तापमान २४° से. च्या आसपास ठेवावे व सोबत पंखा मंद चालवावा. खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या भागातील धातूच्या पात्या गंजतात व उष्णता बाहेर पडण्यास अडथळा होतो. त्या वेळोवेळी गोड्या पाण्याने धुवाव्यात. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांच्या दृष्टीने हे विशेष महत्त्वाचे आहे.

पाणी व अन्न : १५ लिटर पाण्याचे तापमान २५° से. वरून ४०° से. पर्यंत नेण्यास सु. ०·२६ युनिट पुरते. गीझर नंतरही चालू ठेवल्यास मात्र व्यर्थ वीज जाते. वाड्यांतील रहाटांची जागा विजेच्या पंपांनी घेतली आहे. योग्य क्षमतेचा पंप व ठिबक सिंचन यांमुळे पाणी आणि वीज दोन्ही वाचतात. तांदूळ भिजवून कुकरमध्ये शिजविल्यास इंधन वाचते.

शासकीय मानके : ऊर्जा संवर्धन अधिनियम २००१ मध्ये संमत झाला व २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला. २००६ मध्ये ब्यूरोने उपकरणांवरील तारांकित पट्टीची योजना सुरू केली. छतपंख्यांना ही पट्टी २०२३ पासून सक्तीची झाली. निकष वेळोवेळी कडक होत असल्याने ताऱ्यांबरोबर पट्टीवरील वर्षही पाहणे जरूर असते.

सवलतींचे तत्त्व : वीज विकणाऱ्या कंपनीने कमी वीज वापरण्यासाठी ग्राहकास पैसे द्यावेत, हे वरवर विसंगत वाटते. परंतु मागणीच्या ऐन वेळी महाग वीज विकत घेण्यापेक्षा किंवा नवे केंद्र उभारण्यापेक्षा कार्यक्षम पंख्यास साहाय्य देणे पुष्कळदा स्वस्त पडते. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत या विचारास चालना मिळाली. १९७८ च्या कायद्याने तेथील मोठ्या वीजकंपन्यांवर घरांची ऊर्जा-तपासणी करून देण्याची जबाबदारी टाकली. विक्री घटल्याने कंपनीस तोटा होऊ नये म्हणून कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये कंपनीचे उत्पन्न व विक्री यांची फारकत करण्यात आली.

महाराष्ट्रात अल्प वापराच्या घरगुती ग्राहकांचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा कमी असतो व ती तूट उद्योग व व्यापारी ग्राहक भरून काढतात. त्यामुळे लहान घरातील बचत कंपनीसही लाभदायक ठरते. उलट, मोठ्या ग्राहकाने वीज वाचविल्यास कंपनीचे उत्पन्न घटते. राज्य वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये मागणी-व्यवस्थापनाचे विनियम केले. टाटा पॉवरसारख्या मुंबईतील वितरण कंपन्यांनी जुनी उपकरणे घेऊन तारांकित उपकरणे सवलतीने देण्याच्या योजना राबविल्या. अशा सवलती कंपनीच्या वितरणक्षेत्रापुरत्याच असतात; रेवदंड्यास महावितरण कंपनी वीज पुरविते, म्हणून तेथील ग्राहकास मुंबईतील योजनेचा लाभ मिळत नाही. देशव्यापी प्रयत्नांत २०१५ मध्ये सुरू झालेली ‘उजाला’ योजना सर्वांत मोठी ठरली. एकत्रित खरेदीमुळे एलईडी दिव्याचा खरेदीदर २०१४ मधील ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला व ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरील सौरसंचास १ किलोवॉटला ३०,००० रु., तर ३ किलोवॉट व त्याहून अधिक क्षमतेस ७८,००० रु. अनुदान ठरविण्यात आले. मात्र ते वीजनिर्मितीस आहे, बचतीस नव्हे.

मर्यादा : किंमतीचा काही भाग माफ होणारी सवलत उरलेली रक्कम भरू शकणाऱ्या कुटुंबासच मिळते. ज्या घरात वर्षानुवर्षे जुनाच पंखा दुरुस्त करून वापरतात, त्या घरास ती बहुधा पोहोचत नाही. वीजबिलातून हप्त्याने वसुली हा त्यावरील उपाय होय. हप्ता मासिक बचतीपेक्षा कमी ठेवल्यास ग्राहकाच्या खिशावर भार पडत नाही. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढत असल्याने वाचलेली युनिटे सर्वांत वरच्या, महाग टप्प्यातून वजा होतात. त्यामुळे प्रत्यक्ष लाभ सरासरी दराने काढलेल्या हिशेबापेक्षा अधिक निघतो.