‘ययाति’ वाचताना आपण कुणाच्या बाजूने बसतो?

मागच्या वेळी ठरल्याप्रमाणे आज आपण वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’वर बोलणार आहोत. खरं म्हणजे कादंबरीपेक्षा तिच्यावरून होणाऱ्या भांडणावर जास्त बोलू. चार वाचक जमले आणि ‘ययाति’चा विषय निघाला, की एकमत होत नाही. एक म्हणतो, मराठीतलं हे मोठं पुस्तक आहे. दुसरा म्हणतो, एका स्वार्थी माणसाचं चारशेहून जास्त पानं समर्थन आहे. तिसरी म्हणते, सगळं ठीक, पण देवयानीवर अन्याय झालाय. हे तिघेही मन लावून वाचणारे असतात. मग मतं इतकी का फाटतात?

आधी थोडी माहिती. ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९७४ सालचं ज्ञानपीठ खांडेकरांना मिळालं, ते मराठीला मिळालेलं पहिलं. मूळ कथा महाभारताच्या आदिपर्वातली. हस्तिनापूरचा राजा ययाति शुक्राचार्यांच्या मुलीशी, देवयानीशी लग्न करतो. राजकन्या शर्मिष्ठा तिची दासी होऊन येते. राजाचे शर्मिष्ठेशी चोरून संबंध जुळतात, मुलं होतात. ते उघड झाल्यावर शुक्राचार्य त्याला अकाली म्हातारपणाचा शाप देतात आणि तो आपल्या मुलाकडे, पुरूकडे, तारुण्य मागतो.

या कथेत निष्कलंक असं कुणी नाही. राजा भोगाच्या मागे धावतो. देवयानी मानी आणि सूडबुद्धीची. शर्मिष्ठा प्रेमळ, पण तीही दुसरीच्या संसारात चोरून जगते. आणि खांडेकरांनी काय केलं? या तिघांनाच बोलायला लावलं. प्रत्येक जण ‘मी’ म्हणून आपली कहाणी सांगतो. भांडणाचं मूळ आपल्याला इथेच सापडतं.

पहिला आक्षेप घेऊ: लेखकानं ययातीला फार सांभाळून घेतलं आहे. तिघांत सर्वांत जास्त पानं त्याच्या वाट्याला आली आहेत, आणि माणूस आपली गोष्ट स्वतः सांगू लागला की ऐकणारा नकळत त्याच्या शेजारी जाऊन बसतो. ययातीकडे प्रत्येक घसरणीला कारण आहे. वडिलांना, नहुषाला, मिळालेला शाप आहे की त्याची मुलं सुखी होणार नाहीत. संसार सोडून गेलेला थोरला भाऊ यति आहे. मृत्यूची भीती आहे. बायकोकडून माया मिळत नाही ही तक्रार आहे. यातलं एकही कारण खोटं नाही. पण कारण सांगणं वेगळं आणि जबाबदारी घेणं वेगळं. ययाति पहिलं काम फार सुंदर करतो. दुसरं करायला त्याला जवळजवळ सगळी कादंबरी लागते.

आमच्या वाचनमंडळात यावर दोन बैठका वाद झाला. पुरुष मंडळी बरीचशी ‘माणूस आहे, चुकतो’ या बाजूची होती. दुसऱ्या बैठकीच्या शेवटी तोवर गप्प बसलेल्या एक बाई म्हणाल्या, “आमच्याकडे वडील प्यायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी इतकं गोड बोलायचे, की आईच त्यांची समजूत काढायची. मला ययाति वाचताना तो आवाज ओळखू आला.” त्यानंतर थोडा वेळ कुणी काही बोललं नाही.

त्या बाईंनी आम्हाला वाचायची एक रीत दिली. ययातीचा पश्चात्ताप खराच असतो. पण तो संपला की माणूस हलका होतो, आणि हलका झालेला माणूस पुन्हा त्याच वाटेला लागतो. कबुली आणि घसरण यांची ही साखळी खांडेकरांनी इतक्या वेळा फिरवली आहे, की काही वाचकांना कादंबरी लांबलेली वाटते. आम्हाला वाटतं, ही लांबी आवश्यक आहे. एकदा चुकणाऱ्याची कणव येते. दहाव्या वेळी तेच शब्द ऐकताना आपल्याला कंटाळा येतो, मग राग येतो. घरातल्या माणसांचं नेमकं हेच होत असतं.

दुसरा आक्षेप देवयानीचा, आणि तो वजनदार आहे. जरा तिच्या जागेवरून पाहू. कचावर तिनं प्रेम केलं, त्यानं विद्या घेतली आणि नकार दिला. मूळ कथेत शुक्राचार्य मद्यातून कचाची राख पितात आणि शुद्धीवर आल्यावर मद्याचाच धिक्कार करतात. म्हणजे दारूनं काय होतं ते या मुलीनं माहेरीच पाहिलं आहे. पुढे नवरा तिच्या दासीशी संबंध ठेवतो आणि ते लपवतो. फसवणूक तिची झाली आहे. तरी कादंबरी वाचून बहुतेकांच्या मनात राग राहतो तो तिच्याबद्दल. असं का? ती बोलते तेव्हाही तिचा अहंकारच जास्त ऐकू येतो. ययातीला स्वतःचं दुःख उलगडून सांगायला जी जागा मिळते, तेवढी तिला मिळत नाही. शर्मिष्ठेचा त्याग उजळ दिसावा म्हणून देवयानीची बाजू थोडी काळवंडली आहे. हा आक्षेप आपण मान्य करायला हवा. मोठ्या पुस्तकावर प्रेम असलं म्हणून त्यातली उणी बाजू झाकायची गरज नाही.

तिसरा आक्षेप कचाचा. महाभारतात विद्या मिळवून कच देवलोकी जातो आणि या कथेतून बाहेर पडतो. खांडेकरांनी त्याला पुन्हा पुन्हा परत आणलं. तो संयमाचं बोलतो, आत्म्याचं बोलतो, आणि काही वाचकांना ते प्रवचन वाटतं. इथे लेखक कोण होता हेही ध्यानात घ्यावं. खांडेकरांनी १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षं शिरोड्याला शाळेत शिकवलं. ध्येयवाद हा त्यांच्या लेखनाचा कणा होता. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात सुखाची हाव वाढताना त्यांना दिसत होती, आणि पुराणातल्या राजात त्यांना आजचा माणूस दिसला. कच हा त्या शिक्षकाचा आवाज आहे. काही ठिकाणी तो जास्त बोलतो, हे खरं.

याच सुमारास, १९६१ साली, गिरीश कार्नाडांचं कन्नड नाटक ‘ययाति’ आलं. त्यांनी पुरूला एक पत्नी दिली, चित्रलेखा. नवरा एका दिवसात म्हातारा होतो, तेव्हा तिच्या आयुष्याचं काय, हा प्रश्न ती विचारते आणि शेवटी जीव देते. खांडेकरांकडे मूळ कथेतला हजार वर्षांचा उपभोग नाही. पुरूचं वार्धक्य पाहून राजाला उपरती होते आणि कच वाट काढतो. मोडलेलं पुष्कळसं सावरलं जातं. कार्नाडांकडे एक जीव कायमचा जातो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. मतं का फाटतात? आम्हाला वाटतं, प्रत्येक वाचक एक हिशेब करत असतो. काही जण विचारतात, हा माणूस असा का झाला? त्यांना ययाति कळतो आणि ते त्याला क्षमा करतात. काही जण विचारतात, त्याच्या असं होण्याची किंमत कुणी भरली? त्यांना देवयानी दिसते, पुरू दिसतो. आणि पाहा, सर्वांत जड किंमत भरणाऱ्या पुरूला या कादंबरीत स्वतःचं एकही प्रकरण नाही. त्याच्याबद्दल दुसरेच बोलतात.

हे दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. पहिलाच विचारला तर आपण भाबडे होतो, कुणाच्याही गोड बोलण्याला भुलतो. दुसराच विचारला तर आपण न्यायाधीश होतो आणि हा रोग आपल्यातही आहे हे विसरतो. ‘ययाति’ची ताकद ही, की ती आपल्याला पहिल्या प्रश्नात पुरतं बुडवते. दुसरा प्रश्न मात्र वाचकानं स्वतःहून आणावा लागतो.

तेव्हा ज्यांच्या घरी प्रत असेल त्यांनी पुन्हा वाचताना एक करून पाहा. ययाति आपलं दुःख सांगत असेल तिथे पेन्सिलीनं समासात एवढंच लिहा: या वेळी खोलीबाहेर कोण उभं आहे? आम्ही हे केलं. आमच्या प्रतीत सर्वांत जास्त वेळा दोन नावं आली, देवयानी आणि पुरू. तुमच्या प्रतीत कोणती येतात ते पुढच्या वेळी सांगा, तिथूनच सुरुवात करू.